मुकादमच्या औषधाचा खर्च

सांगवी, ता. बारामती
मंगळवार, दि. ८ एप्रिल २०२५
पहाटे ५ वाजून ४० मिनिटे

दादा, जय भीम.

आता मी दूध संकलन केंद्रावर आहे. फॅटचे यंत्र सुरू करून ठेवले आहे. ते तापायला वेळ लागतो. पहिले दूध यायला अजून वीस मिनिटे आहेत, तेवढ्यात हे पत्र पुरे करायचे आहे. पत्राच्या सुरुवातीला मोठ्या भावाला तीर्थरूप लिहितात. मी लिहून पाहिले आणि तो कागद फाडला.

फोन केला असता, पण तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस. तुझा इंदापूरचा पत्ता आईकडून घेतला. प्रगतीवहिनी दुपारी आईला फोन करतात हे मला माहीत आहे. मी अचानक घरात आलो की आई "राँग नंबर हाय" म्हणून फोन ठेवते. राँग नंबरशी कोणी पाऊण तास बोलत नाही.

मुद्द्याचे लिहितो. मुकादम आजारी आहे.

चार दिवस झाले, तो काही खात नाही. पाणी पितो आणि ओकतो. शनिवारी आईने दुधात भाकरी कुस्करून ठेवली, तर वास घेऊन तोंड फिरवले. काल संध्याकाळी त्याला बारामतीला भिगवण रस्त्यावरच्या कुत्र्यामांजरांच्या दवाखान्यात नेले. तिथे डॉक्टर तेजश्री मॅडम आहेत. त्यांनी रक्त तपासले. किडनीचा एक आकडा असतो, तो कुत्र्यामध्ये दीडच्या आत पाहिजे. मुकादमचा ९.२ आला. आठवड्यापूर्वी तो मागच्या पायाने लंगडत होता, पण ते बरे झाले होते. मग हे कशाने झाले ते मला माहीत नाही. उसाच्या फडात काही खाल्ले असेल.

मॅडम म्हणाल्या, दवाखान्यात ठेवून सलाईन लावावे लागेल. दिवसाला अठराशे रुपये, औषधे वेगळी. किमान पाच दिवस. आकडा खाली आला तर आला. मी उद्या सांगतो म्हणून आलो. म्हणजे आज सांगायचे आहे.

माझा पगार तुला माहीत आहे, नऊ हजार. तरी मी आज त्याला ठेवणार आहे. कारण तो आबांचा कुत्रा आहे. कारखान्याच्या गाडीतळावरून आबांनी त्याला स्वेटरमध्ये गुंडाळून आणला तेव्हा तूही घरी होतास. ऊसतोडीच्या टोळ्या निघून गेल्या आणि हे पिल्लू मागे राहिले होते. आल्या दिवसापासून ते सगळ्यांवर ओरडायचे, कोण कुठे चालला ते बघायचे. म्हणून आबांनी नाव ठेवले मुकादम. नाव ठेवताना तू सर्वांत जास्त हसला होतास.

माझे म्हणणे एवढेच की खर्चाचा अर्धा वाटा तू द्यावास. आबांच्या वेळी अकराव्या दिवशी तू पुण्याच्या हॉस्पिटलमध्ये सही करून त्यांना मशीनवरून काढलेस, घरी आणतो म्हणालास, आणि ते यवतच्या पुढे गाडीतच गेले. मी बाराव्याला, पुण्यानुमोदनाच्या दिवशी, सगळ्या भावकीपुढे जे बोललो ते मी मागे घेतलेले नाही. चौदा महिने झाले, मला ते शब्द पाठ आहेत. "ह्यानं आबाचा हिशोब केला. पैसं संपलं तसा बाप संपवला." तू त्याच दिवशी वहिनींना आणि छकुलीला घेऊन इंदापूरला गेलास. त्या वेळी तू हिशोब केलास. या वेळी मी करणार नाही. मी शेवटपर्यंत जाणार आहे.

दूध यायला लागले. थांबतो.

संघपाल


सांगवी
शुक्रवार, दि. ११ एप्रिल २०२५
दुपारी २ वाजून १५ मिनिटे

दादा,

आज सकाळी तुझे तीन हजार फोनवर आले. खाली इंग्रजी अक्षरांत एकच शब्द, मुकादम. पत्र पोचले एवढे समजले. तो कसा आहे, आई कशी आहे, हे विचारायला पैसे पडत नाहीत. पण असो. पैसे वेगळे ठेवले आहेत.

मंगळवारी त्याला ठेवला. दुधाच्या टेम्पोत कॅनच्या मागे घालून नेला, जाताना भाडे पडले नाही. आईपण आली. मुकादम आता बावीस किलोचाही राहिलेला नाही, पण मी त्याला उचलून जिना चढलो तर दम लागला. पुढच्या पायाचे केस काढून सुई लावली. शेजारच्या पिंजऱ्यात एक पांढरे झिपरे कुत्रे होते. त्याला घरून उशी आणली होती. आपल्या मुकादमखाली मी दुधाच्या केंद्रातले रिकामे पोते घातले. आई म्हणाली, "असू दे, त्याला पोत्याचीच सवय हाय."

मॅडमनी विचारले, "त्याला घरी काही औषध दिले होते का? दुखण्याची गोळी वगैरे?"

मी नाही म्हणालो.

आईने माझ्याकडे पाहिले.

काल पुन्हा रक्त तपासले. आकडा ७.९ आला. खाली आला म्हणजे चांगलेच. मॅडम म्हणाल्या की इतक्यात आनंद मानू नका, पण मी मानला. त्याने शेपटी हलवली. पूर्ण नाही, टोक हलवले.

केंद्रावर मात्र सगळ्यांना विषय मिळाला आहे. सकाळी रांगेत सिद्धू म्हणाला, "काय संघपाल, मुकादमाला म्हणं सलाईन लावलंय? एसी हाय का खोलीत?"

मी म्हणालो, पंखा आहे.

"बघा! आमच्या म्हातारीला दोन गोळ्यांवर काढली आमी. आन् ह्यांचा मुकादम पंख्याखाली."

कौसल्याकाकू पाठीमागे किटली घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "सिद्धू, तुझ्या म्हातारीला तू पंख्याखाली ठिवली न्हाईस ती चूक त्या कुत्र्याची हाय व्हय?"

सगळे हसले. मग त्याच काकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पर लेकरा, गाय असती तर गोष्ट येगळी. गाय उटली तर दूध देती. ह्ये उटून काय देनार हाय?" मी त्यांचे फॅट ३.६ लावले आणि पावती दिली.

संध्याकाळी नागेश जयंतीची वर्गणी मागायला आला. वहीत माझ्या नावापुढे आधीच पाचशे लिहिले होते. मी म्हणालो, यंदा दोनशे लिही, अडचण आहे. तर दारात उभा राहून मोठ्याने म्हणाला, "कुत्र्याला धा हजार आन् बाबासाहेबांना दोनशं? वा रं वा!" त्याच्याबरोबरची पोरे फिदीफिदी हसली. मी पाचशे दिले. ते पाचशे मी कुत्र्याच्या खर्चात धरलेले नाहीत.

पैशांचे असे आहे. माझ्याकडचे जमवलेले संपत आले आहेत. आईने बचत गटातून दहा हजार उचलले. गटात कुत्र्यासाठी कर्ज देत नाहीत म्हणून गाईच्या औषधाला असे लिहिले. जयवंतामावशी गटाची अध्यक्ष आहे, तिने लिहिताना विचारले, "पुतळे, तांबडीला काय झालं?" आईने सांगितले, "पायाला लागलंय." एवढे खोटे आई आयुष्यात माझ्यासाठीच बोलली असेल. तांबडी मार्चमध्ये लंगडत होती हे खरे, पण ती आता ठणठणीत आहे.

तू आला असतास तर हे सगळे मला लिहावे लागले नसते. सांगवी ते इंदापूर एसटीने दोन तासांच्या आत होते.

संघपाल


बारामती
रविवार, दि. १३ एप्रिल २०२५
दुपारी १२ वाजून ५ मिनिटे

दादा,

हे दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितो आहे. कागद मॅडमनी दिला.

आकडा ११.४ आला आहे.

पहिल्या पत्रात मी लिहिले की कशाने झाले ते मला माहीत नाही. ते खरे नव्हते. मी त्याला गोळी दिली.

तांबडी गाय मार्चमध्ये अधू झाली होती तेव्हा रामहरी डॉक्टरने तिच्यासाठी मोठ्या गोळ्या दिल्या होत्या, जनावरांच्या दुखण्याच्या. त्यातल्या दोन उरल्या. त्यानंतर मुकादम लंगडायला लागला. बारामतीला नेला असता तर चारशे रुपये फी आणि गाडीभाडे वेगळे. मी विचार केला की दुखणे तेच आहे, औषध घरात आहे, फक्त माप पाहिजे. पाकिटावर लिहिले होते, तीनशे किलो वजनाला एक गोळी. मी मुकादमला केंद्रावर नेऊन कॅनच्या काट्यावर उभा केला. बावीस किलो. तीनशे भागिले बावीस, तेरा पूर्णांक त्रेसष्ट. मी चौदा धरले, म्हणजे थोडे कमीच जाईल. गोळी खलबत्त्यात कुटली, वर्तमानपत्रावर सपाट पसरली, पट्टीने चौदा सारखे भाग केले, चौदा पुड्या बांधल्या. गाईला सकाळ-संध्याकाळ द्यायची होती म्हणून त्यालाही सकाळ-संध्याकाळ दिली, गुळात घालून. सात दिवस. तिसऱ्या दिवशी लंगडणे थांबले. तिथेच थांबलो असतो. पण औषधाचा कोर्स मध्ये सोडू नये असे सगळे सांगतात, म्हणून मी पुरा केला.

आई रोज बघत होती. एकदा म्हणाली, "कुत्र्याला गाईचं दितोस, रामहरीला इचारलंस का?" मी म्हणालो, हिशोब केला आहे.

आज हे सगळे मॅडमना सांगितले. पुड्यांचा आकडासुद्धा सांगितला. मला वाटले त्या ओरडतील. त्यांनी ते केसपेपरवर लिहून घेतले. मग म्हणाल्या, "गणित तुमचे चुकले नाही. पण कुत्रा म्हणजे लहान केलेली गाय नव्हे. गाईचे शरीर हे औषध ज्या पद्धतीने बाहेर टाकते तसे कुत्र्याचे टाकत नाही. त्यात त्याचे वय, त्यात हा उन्हाळा. किडनी आधीच थोडी थकलेली असणार."

मी विचारले, पहिल्या दिवशी सांगितले असते तर?

"उपचार हाच केला असता," त्या म्हणाल्या. मग पुन्हा म्हणाल्या, "खरंच हाच केला असता." दुसऱ्यांदा का म्हणाल्या ते मी ओळखले.

आता पुढचे. त्या म्हणाल्या, इथे आणखी सलाईन देऊन उपयोग दिसत नाही. पुण्याला कुत्र्यांचे डायलिसिस होते. एका वेळचे नऊ हजार, किमान तीन वेळा, तिथे ठेवायचे वेगळे, गाडी वेगळी. चाळीस हजार धरून चाला. त्यानेही बरा होईल असे नाही, किडनी गेली असेल तर गेली. नाहीतर घरी न्या, पण घरी हाल होतील. त्याच्या तोंडात फोड आलेत, पाणीही झोंबते. आणि तिसरा मार्ग इंजेक्शनचा. झोप लागते आणि त्यातच जातो.

मी मंगळवारपर्यंत वेळ मागितली. तोपर्यंत सलाईन चालू राहील.

चाळीस हजारांतले वीस तू दे. वीस मी कुठूनही उभे करतो. कालवड विकायची झाली तर विकू, आईला मी समजावतो. किंवा देऊ नकोस, पण मग तसे लिही. लिही की बस कर, सोडून दे त्याला. तूच सांग. तुला सवय आहे.

हे शेवटचे वाक्य खोडणार होतो. खोडत नाही.

उत्तर लवकर पाहिजे म्हणून हे पत्र पोस्टाने टाकतोच आहे, शिवाय या कागदाचा फोटो काढून प्रगतीवहिनींच्या फोनवरही पाठवतो आहे. त्यांनी माझा नंबर बंद केलेला नाही.

संघपाल


सांगवी
बुधवार, दि. १६ एप्रिल २०२५
सकाळी ११ वाजता

दादा,

सोमवारी जयंतीच्या दिवशी दुपारी आईचा फोन वाजला. बाहेर मिरवणुकीची तयारी चालली होती, ढोल बडवून बघत होते, म्हणून आईने फोन स्पीकरवर टाकून मोरीच्या दाराशी धरला होता. मी आत होतो हे तिला माहीत होते की नाही मला सांगता येत नाही. माहीत असावे.

चौदा महिन्यांनी तुझा आवाज ऐकला. तू म्हणालास, "आई, त्येला सांग. चाळीसच्या चाळीस मी टाकतो. सोसायटीचं कर्ज काढतो कंपनीतनं. पैशाचं कारण न्हाय. पर ठरवायचं त्यानं. सही त्यानंच करायची. म्या न्हाय करनार आता कुनाची."

आईने विचारले, "आन् तू येतोस का?"

तू म्हणालास, "त्यानं बोलावलं न्हाय मला, पैसं मागितल्यात." आणि फोन ठेवलास.

दादा, मी तुझ्यावर एवढा कधी चिडलो नव्हतो. पुण्यानुमोदनाच्या दिवशीही नाही. तू नाही म्हणाला असतास तर माझे सोपे होते. मी सगळ्यांना सांगितले असते की भावाने पैसे दिले नाहीत म्हणून मुकादम गेला. मला तेच पाहिजे होते. ते मला चाळीस हजारांपेक्षा जास्त पाहिजे होते. तू पैसे देऊ केलेस आणि माझे ते कारण काढून घेतलेस.

मिरवणुकीला गेलो नाही. गोठ्यात बसून राहिलो. पुण्याला न्यायचा विचार पुन्हा पुन्हा केला. किती वाजता निघायचे, कोणाची गाडी, वाटेत त्याला पाणी कसे पाजायचे, सगळे कागदावर लिहिले. मग त्या कागदावर मी लिहिले, कशासाठी. पुढे काही लिहिता येईना. खरे उत्तर असे होते की संघपालने कुत्र्यालासुद्धा शेवटपर्यंत नेले असे लोकांनी म्हणावे म्हणून. आणि तू ऐकावेस म्हणून. त्या उत्तरात मुकादम कुठेच नव्हता.

काल सकाळी केंद्राचे काम उरकून मी आणि आई बारामतीला गेलो. त्याला पिंजऱ्यातून काढून टेबलावर ठेवले होते. त्याने मला ओळखले. ओरडायला तोंड उघडले, आवाज आला नाही. तोंडाला वास येत होता. आईने पदराने त्याची लाळ पुसली.

मॅडमनी विचारले, "काय ठरले?"

मी म्हणालो, पैसे आहेत. भाऊ देतोय.

त्या म्हणाल्या, "मी पैशांचे विचारले नाही."

भिंतीवर लसीकरणाचा तक्ता होता, तो पूर्ण वाचला. मग म्हणालो, इंजेक्शन द्या.

त्यांनी एक कागद पुढे केला. प्राण्याचे नाव, वय, मालकाचे नाव, "माझ्या संमतीने", सही. मी मालकाच्या नावापुढे आबांचे नाव, गंगाराम, लिहायला लागलो होतो. मग खोडून माझे लिहिले. सही करताना अक्षर वाकडे आले, नेहमी येत नाही.

आई शेजारी उभी होती. हळूच म्हणाली, "आता कळलं का, सही कशी करत्यात?"

मी तिच्याकडे बघितले नाही.

"तुझ्या भावानं बाहेर जाऊन उलटी केली हुती," ती म्हणाली. "तू आत हुतास. तुला न्हाय दिसलं. मला दिसलं. म्या चौदा महिने गप ऱ्हायले, म्हटलं दोघं लेकरं हायत, कुनाला बोलू."

आधी एक झोपेचे इंजेक्शन, मग दुसरे. मॅडमनी घड्याळ पाहिले. १० वाजून ५० मिनिटे. त्याचे डोळे मिटले नाहीत, मला वाटले होते मिटतात. मी त्याच्या पोटावर हात ठेवला होता. पोट थांबले तेव्हा मला जे वाटले ते लिहितो, कारण ते आणखी कोणाला सांगता येणार नाही. मला सुटल्यासारखे वाटले. उद्या अठराशे नाहीत. उद्या टेम्पो नाही. एक क्षण तसे वाटले, मग लाज वाटली, मग रडू आले.

हे मला नवीन नव्हते. हे मला पुण्यात झाले होते.

त्या दिवशी नर्सने कागद आणला आणि म्हणाली पेन आहे का. तू खिसे चाचपत होतास. तुझ्याकडे नव्हते. माझ्या खिशाला पेन असते, कायम असते. मी काढून तुला दिले. टोपण काढून दिले. तू सही केलीस आणि पेन मला परत दिलेस आणि मी ते खिशाला लावले. मी एकदाही थांब म्हणालो नाही. तू सही केलीस तेव्हा मला वाटले, संपले एकदाचे, आता बिल वाढायचे नाही. हे मला त्याच क्षणी वाटले होते. मग घरी येईपर्यंत मी त्याचे रागात रूपांतर केले आणि बाराव्या दिवशी भावकीपुढे ते तुझ्या अंगावर टाकले. सगळे ऐकत होते. तू सगळ्यांपुढे म्हणू शकला असतास की पेन ह्याचे होते. तू म्हणाला नाहीस.

त्याबद्दल मी तुझे आभार मानणार नाही. तू बोलला असतास तर त्याच दिवशी भांडून मिटले असते. तू गप्प राहून मला चौदा महिने खरा ठरवलेस.

मुकादमला आपल्या बांधावर लिंबाखाली पुरला. मीठ आणले, आणि जुने नको म्हणून नवे कापड आणले. सिद्धू कुदळ घेऊन आला होता, मी बोलावले नव्हते. खड्डा त्यानेच जास्त खणला. म्हणाला, "लई वरडायचा रं ह्यो. दूध घालाय आलो की हिशोब मागितल्यावानी वरडायचा." मग थोडा वेळ माती लोटली आणि म्हणाला, "म्हातारीचं त्ये मी आसंच बोललो हुतो." आई बांधावर बसली होती. तिने त्रिशरण म्हटले नाही. म्हणाली, त्याला ऐकू येत नाही आता, आणि आपल्याला पाठ आहे.

आता खर्च लिहितो. तू मागितलेला नाहीस. तरी लिहितो, कारण मी आबांची हॉस्पिटलची फाईल इतके दिवस माझ्या पेटीत ठेवली होती. त्यात बत्तीस पावत्या आहेत. मी त्या तारखेप्रमाणे लावल्या आहेत. एकाही पावतीवर माझे नाव नाही. हे मला फाईल लावताना दिसले होते आणि भावकीपुढे बोललो तेव्हाही माहीत होते.

झालेला खर्च, दि. ७ ते १५ एप्रिल:

तपासणी फी: ४००
रक्त तपासणी, तीन वेळा, प्रत्येकी १,२००: ३,६००
सोनोग्राफी: १,०००
दवाखान्यात ठेवणे व सलाईन, ७ दिवस, रोज १,८००: १२,६००
औषधे: ३,४५०
गाडीभाडे, सर्व फेऱ्यांचे: १,९००
शेवटचे इंजेक्शन: १,५००
मीठ व कापड: ३००
स्पीड पोस्ट, या पत्रासह चार: १६४
एकूण: २४,९१४

पैसे कुठून आले:

आईचा बचत गट: १०,०००
दूध केंद्रातून पगारावर उचल: ४,०००
माझे साठवलेले: ९,११४
तू पाठवलेल्या ३,००० मधून: १,८००

देणे:

बचत गट, व्याज सोडून: १०,००० (जयवंतामावशीला खरे कारण आज सांगून आलो. तिने कारण खोडले नाही, म्हणाली हप्ता वेळेवर दे.)
दूध केंद्र: ४,०००
आबांच्या अकरा दिवसांचा खर्च, सरकारी योजनेतून मिळालेले वजा जाता, तू एकट्याने भरलेले १,८६,४००. त्यातला माझा निम्मा वाटा: ९३,२००
एकूण देणे: १,०७,२००

पगारातून महिन्याला किती सुटेल ते मी अजून मांडलेले नाही. मांडतो.

तुझ्या तीन हजारांतून त्याचे इंजेक्शन, मीठ आणि कापड एवढे झाले. बाराशे शिल्लक आहेत. ते माझ्याकडे आहेत. फोनवर पाठवता येतात, पण पाठवणार नाही. इथे येऊन घे.

संघपाल